पेशंट पुढे हलवताना

"डॉक्टर, पेशंट पुण्याला हलवू का?"

गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, त्याची मोजदाद नाही. कधी आयसीयूच्या दारात, कधी रात्री दोन वाजता फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून. आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. पुणं म्हणजे मोठं, मोठं म्हणजे चांगलं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त, चौदा तालुके. अकोल्याच्या घाटघरपासून जामखेडच्या टोकापर्यंत एकाच जिल्ह्यात प्रवास करायचा म्हटलं तरी दिवस जातो. नगरहून पुणं साधारण १२० किलोमीटर, संभाजीनगर जवळजवळ तेवढंच. उत्तरेचे लोक लोणीला, शिर्डीला किंवा नाशिकला जातात, दक्षिणेचे नगरला किंवा पुण्याला. थोडक्यात, आपल्याकडे गंभीर आजारी पडलेल्या माणसाच्या उपचारात रस्ता हा एक भाग असतोच. तरीही या भागाबद्दल आम्ही डॉक्टर लोकांशी फार कमी बोलतो. औषधांबद्दल बोलतो, ऑपरेशनबद्दल बोलतो, बिलाबद्दल तर बोलावंच लागतं. मधल्या तीन तासांबद्दल कुणी बोलत नाही. त्या तीन तासांबद्दल हा लेख आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

१९९८ साल. एमडी होऊन फार दिवस झाले नव्हते, नगरमधल्या एका लहान खाजगी रुग्णालयात मी काम करत होतो. सेहेचाळीस वर्षांचे एक शिक्षक दाखल झाले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. मास्कमधून मिनिटाला आठ लिटर ऑक्सिजन चालू असूनही प्रमाण नव्वदच्या वर जाईना. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. संध्याकाळी मी घरच्यांना सांगितलं, पुण्याला न्या. निर्णय चुकीचा नव्हता, आजही मी तोच घेतला असता. चुकलं ते त्यापुढचं. मी रेफर चिठ्ठी लिहिली, सही केली, शिक्का मारला आणि पुढचा पेशंट पाहायला गेलो. खाली गाडी उभी होती, मॅटेडोरला आडवी फळी टाकून केलेली. त्यात एक लहान सिलिंडर होता. सोबत गेले ते त्यांची पत्नी आणि भाऊ. ना डॉक्टर, ना सिस्टर. पुण्याच्या रुग्णालयात बेड आहे का, हे एसटीडी बूथवरून फोन करून विचारावं, हेही मला सुचलं नाही.

तीन दिवसांनी त्यांचे भाऊ एलआयसीच्या कागदांसाठी आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "रांजणगावच्या अलीकडं गॅस संपला, डॉक्टर. पुढं एका दवाखान्यात थांबलो, पण त्यांच्याकडं नव्हता." आवाजात राग नव्हता. गॅस संपणं हेही नशिबात होतं, अशा सुरात त्यांनी सांगितलं. नंतर ड्रायव्हरकडून कळलं की निघतानाच काटा निम्म्यावर होता.

आता तो हिशोब करून दाखवतो, कारण तो चौथीच्या मुलालाही येईल असा आहे आणि मी तो केला नव्हता. अँब्युलन्समधला लहान सिलिंडर, ज्याला बी टाइप म्हणतात, त्याची पाण्याची क्षमता सुमारे दहा लिटर. वरच्या गेजवर दीडशेचा दाब दाखवत असेल, तर आत दहा गुणिले दीडशे, म्हणजे साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. काटा पंचाहत्तरवर असेल तर ७५०. मिनिटाला आठ लिटर खर्च होत असेल, तर ७५० भागिले आठ, म्हणजे साधारण त्र्याण्णव मिनिटं. दीड तास. त्या काळच्या रस्त्यानं आणि त्या गाडीनं दीड तासात माणूस रांजणगावच्या आसपासच पोहोचतो. म्हणजे त्यांचा ऑक्सिजन कुठे संपणार, हे नगरमध्येच ठरलेलं होतं.

हा हिशोब तुम्ही पाठच करून ठेवा. भरलेला लहान सिलिंडर मिनिटाला पाच लिटरनं पाच तास पुरतो, दहानं अडीच तास आणि पिशवीच्या मास्कला पंधरा लिटर लागतात तेव्हा शंभर मिनिटं. उंच, माणसाएवढा जंबो सिलिंडर सुमारे सात हजार लिटरचा, तो पंधरानं साडेसात तासांच्या वर जातो. कोरोनात तुम्ही ऐकलेलं हाय-फ्लो यंत्र मिनिटाला साठ लिटर ओढत असेल, तर लहान सिलिंडर पंचवीस मिनिटांत रिकामा होतो. पुण्याला जायचं तर चाकणकडून येणारी वाहनं, शिक्रापूर-वाघोलीची कोंडी, पंक्चर हे सगळं धरून, गुगलवर दिसतो त्याच्या दुप्पट वेळाचा ऑक्सिजन बरोबर हवा. आणि नुसता सिलिंडर असून भागत नाही. पान्हा कुठे आहे, दुसरा सिलिंडर जोडायचा कुणाला येतो, हे निघण्याआधी विचारायचं. भर रस्त्यात मोबाइलच्या उजेडात पान्हा शोधणारी माणसं मी पाहिली आहेत.

लोक मला विचारतात, की बेडवर तीन दिवस तग धरून असलेला पेशंट गाडीत घातल्यावर तासाभरात का बिघडतो? "हलवल्यामुळं गेला" असं गावाकडे सरसकट म्हणतात आणि त्यात तथ्य असतं. आयसीयूतला पेशंट जेव्हा स्थिर दिसतो, तेव्हा ती स्थिरता त्याची स्वतःची नसते. ती पाच-सहा यंत्रांनी आणि नळ्यांनी धरून ठेवलेली असते. रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिनचं औषध रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं. ते देणाऱ्या पंपाची बॅटरी संपली, किंवा स्ट्रेचरवर घेताना नळी ओढली गेली, की काही मिनिटांत दाब कोसळतो. श्वासनलिकेतली नळी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकली तर एकच फुप्फुस फुगतं, बाहेर सरकली तर एकही नाही. गाडी जोरात निघाली की रक्त पायांकडे जातं, करकचून ब्रेक लागला की डोक्याकडे येतं. तुमच्या-माझ्या शरीराला हे जाणवतही नाही, आपल्या रक्तवाहिन्या ते सांभाळून घेतात. पण ज्याचं शरीर ही सांभाळण्याची ताकदच गमावून बसलं आहे, त्याला प्रत्येक गतिरोधक जाणवतो. आणि आपल्याकडे गतिरोधक तर गावागणिक, ज्याला जिथे वाटलं तिथे घातलेले. त्यावर पांढरे पट्टेही नसतात.

म्हणून गाडी सुसाट सोडणं हा उपचार नाही. ड्रायव्हरला "मारा, मारा" म्हणून ओरडणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून सांगतो, की सत्तरच्या जागी नव्वदनं जाऊन तुमची फार तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतील, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही आतल्या माणसाला फळीवर आपटत नेता. शिवाय मागे स्वतःची गाडी अँब्युलन्सला चिकटवून पळवू नका. अँब्युलन्सला वाट देणारा माणूस ती गेली की लगेच मध्ये येतो, त्याला तुम्ही दिसलेले नसता.

मग घाई कुठे करायची आणि कुठे नाही? हा खरा डॉक्टरी निर्णय आहे, आणि माझी त्याबद्दलची मोजपट्टी साधी आहे. जे इथे दुरुस्त होऊ शकतं, ते इथेच दुरुस्त करून मग हलवायचं. जे इथे दुरुस्त होऊच शकत नाही, त्यासाठी एक मिनिटही दवडायचं नाही. पोटात रक्तस्राव चालू असलेल्या अपघातग्रस्ताला सर्जन आणि रक्त लागतं. ते नसेल तर सलाईन लावून, दाबता येईल तिथे रक्त दाबून, अंगावर पांघरूण घालून ताबडतोब निघायचं. (पांघरूण विसरू नका. अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो.) पण ज्याचा श्वास अडखळतोय, ज्याला झटके येताहेत, ज्याची साखर खाली गेलीय, त्याला तसाच गाडीत टाकून शंभर किलोमीटर पाठवणं म्हणजे जबाबदारी पुढच्या गावावर ढकलणं. हार्ट अटॅकचं उदाहरण घ्या. ईसीजीत मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याचं स्पष्ट दिसतंय आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, ते देण्यात काही धोका नसेल तर, जिथे आहे तिथेच द्यावं आणि मग पुढे पाठवावं. "इथे वेळ का घालवताय, आम्हाला पुण्यालाच जायचंय" म्हणून ते इंजेक्शन नाकारणारे नातेवाईक मला दर वर्षी भेटतात. हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो, तो पुण्याची वाट पाहत थांबत नाही.

हे नीट झालं की काय होतं, तेही सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, डॉक्टर नुसते घाबरवतात.

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली पहाट. नेवाशाकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातून एका तरुण डॉक्टर मुलीचा फोन आला. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जमिनीवर झोपलेला बारा वर्षांचा मुलगा. रात्री पोटात दुखतंय म्हणून उठला, पहाटे डोळ्यांच्या पापण्या उचलेनात, बोलणं घोगरं झालं. चावल्याची खूण शोधूनही सापडत नव्हती. मण्याराचा दंश असाच असतो, दुखत नाही, सुजत नाही, आणि सकाळपर्यंत श्वासाचे स्नायू थांबतात. तिनं प्रतिविषाच्या दहा कुप्या तिथेच चालू केल्या होत्या. श्वास उथळ होत चालला होता. तिनं मला विचारलं, "सर, लगेच काढून देऊ का?" मी विचारलं, "वाटेत श्वास बंद पडला तर गाडीत नळी घालशील?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इथेच घालते." दहा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला, नळी बसली.

१०८ ची गाडी आली. तिच्यात डॉक्टर होते, पण नेमका व्हेंटिलेटर असलेली गाडी दुसऱ्या कॉलवर गेली होती. त्यामुळे हातानं अंबू बॅग दाबत यायचं ठरलं. ती बॅग म्हणजे रबरासारखा फुगा, दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. १०८ च्या डॉक्टरला पंप, सलाईन, नाडी पाहायची होती, म्हणून त्यानं मुलाच्या मामाला शिकवलं. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. वडाळा, घोडेगाव, पांढरीचा पूल, इमामपूरचा घाट, जेऊर. कारखान्यांचा हंगाम, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. सव्वा तास लागला. दर चार सेकंदाला एक म्हटलं तरी अकराशेच्या वर वेळा त्या माणसानं ती बॅग दाबली. आम्ही दारात उभेच होतो, कारण आम्हाला माहीत होतं कोण येतंय, काय दिलंय आणि काय लागणार आहे. मुलाला व्हेंटिलेटरला जोडल्यावरही मामाची बोटं तशीच हलत होती. मुलगा पाचव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाला.

हातानं श्वास देण्याची ही गोष्ट नवी नाही. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वास थांबलेली मुलं आणि माणसं रुग्णालयात येऊ लागली आणि यंत्रं पुरेनात. तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे बॅगा दाबून त्यांना जगवलं. आजचे आयसीयू त्या अनुभवातून उभे राहिले. ते विद्यार्थी वैद्यकीय शाखेचे होते, हा मामा ऊसतोडीचा. मला तरी कामात फरक दिसला नाही.

त्या पहाटे सगळं जमलं ते कशामुळे, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. गाडी साधीच होती. रस्ता तर वाईटच होता. फरक पडला तो दोन फोनमुळे आणि निघण्याआधीच्या वीस मिनिटांमुळे.

१०८ बद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण लोकांच्या मनात गोंधळ आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ गाड्या प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर, मॉनिटर असलेल्या आणि ७०४ प्राथमिक स्वरूपाच्या. प्रत्येकीत डॉक्टर, ही आपल्या राज्याची विशेष गोष्ट. फोन फुकट असतो आणि पुण्याच्या केंद्रात लागतो, त्यामुळे "अमक्याच्या वस्तीवर या" एवढंच सांगून भागत नाही. गाव, तालुका, जवळची खूण, सगळं सांगावं लागतं. पेशंटचा श्वास, शुद्ध, रक्तस्राव याबद्दल ते प्रश्न विचारतात तेव्हा चिडू नका, कोणती गाडी पाठवायची हे त्यावर ठरतं. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ वेगळी आहे.

खाजगी गाड्यांचं मात्र तारतम्य तुम्हालाच ठेवावं लागेल. गाडीवर लाल-निळा दिवा आणि "आयसीयू ऑन व्हील्स" असं लिहिलेलं असलं, म्हणजे आत तसं काही असेलच असं नाही. केंद्र सरकारच्या एआयएस-१२५ या मानकाप्रमाणे रुग्णवाहिकांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत आणि अत्यवस्थ पेशंटसाठी फक्त डी प्रकार. पण वाहतुकीच्या भाषेत शिरायची गरज नाही. मागचं दार उघडायला लावा आणि डोळ्यांनी बघा. मॉनिटर चालू करून दाखवा म्हणा. गेज दाखवा म्हणा. शोषणयंत्र, म्हणजे तोंडातली लाळ-उलटी ओढणारं सक्शन, चालतं का बघा. सोबत कोण येणार आणि त्याचं शिक्षण काय, हे स्पष्ट विचारा. "आमचा ब्रदर आहे" असं उत्तर मिळालं, तर ब्रदरला विचारा की नळी निसटली तर तुम्ही काय करणार. चांगला ब्रदर या प्रश्नाला रागावत नाही. आणि ड्रायव्हर म्हणाला की "मी सांगतो त्या हॉस्पिटलात न्या, ओळखीचं आहे," तर एकदा थांबून आपल्या डॉक्टरला फोन करा. यामागे कधीकधी टक्केवारी असते, हे कटू आहे पण खरं आहे.

आता रुग्णालयाच्या आतल्या प्रवासाकडे येतो. याबद्दल तर लोकांना काहीच कल्पना नसते. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, सीटी स्कॅन तळमजल्यावर. अंतर दीडशे पावलं. पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तिथे नेऊन आणणं, ही माझ्या मते नगर-पुणे प्रवासाइतकीच गंभीर गोष्ट आहे, फक्त ती कुणाला गंभीर वाटत नाही. "जरा खाली जाऊन सीटी करून येऊ" या "जरा" मध्ये सगळं दडलेलं असतं. एकदा लिफ्टमध्ये आम्ही पाच जण, पेशंट, सिलिंडर आणि वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला असा किती वेळ लागतो? मिनिट-दीड मिनिट. अंधारात मॉनिटरचा हिरवा आकडा तेवढा दिसत होता आणि आमच्यातलं कुणीही बोलत नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला, की पेशंट हलवण्याआधी स्वतःला विचारायचं, या तपासणीनं उपचार बदलणार आहे का? नसेल बदलणार, तर तपासणी नको. बदलणार असेल, तर आधी सीटीवाल्याला फोन, टेबल मोकळं आहे याची खात्री, लिफ्ट धरून ठेवलेला मामा, दोन तासांची बॅटरी आणि मग प्रवास. खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना एकच माणूस मोजणार, तीन म्हटल्यावर सगळे उचलणार. बहुतेक नळ्या निघतात त्या याच अर्ध्या मिनिटात. त्यामुळे डॉक्टर "आज सीटी नको, उद्या करू" म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असा अर्थ लगेच काढू नका.

६ नोव्हेंबर २०२१ हा दिवस नगरकर विसरणार नाहीत. भाऊबीज होती. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे अकरा रुग्ण त्या दिवशी गेले. त्या घटनेच्या कारणांबद्दल आणि जबाबदारीबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण दुसऱ्या दिवशी अनेकांनी मला विचारलं, "पटापट उचलून बाहेर का नाही काढलं हो?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला उचलून पळता येत नाही, कारण त्याचा श्वास भिंतीतल्या पाइपला जोडलेला असतो. प्रत्येकाला एक सिलिंडर, एक बॅग आणि तीन-चार माणसं लागतात, आणि धुरात ती एकाच वेळी सगळ्यांना लागतात. त्या आठवड्यात आम्ही आमच्याकडे सराव केला. एक खाट जिन्यानं खाली उतरवायला सहा मिनिटं लागली, तीही पेशंटच्या जागी आमचा धडधाकट वॉर्डबॉय झोपलेला असताना, आणि तो हसत असताना. त्यानंतर आम्ही प्रत्येक दोन खाटांमागे एक भरलेला लहान सिलिंडर आणि एक अंबू बॅग ठेवू लागलो. तुमचा माणूस आयसीयूत असेल तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आम्हाला थोडं टोचेल, पण विचारा.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरनं अत्यवस्थ माणसाचा जीव वाचवण्याचा प्रयत्न आधी करायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. त्यानंतर कोलकात्याचा हकीम शेख खटला. हा शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही म्हणून त्याला पुढे पाठवलं. शेवटी खाजगीत उपचार झाले. १९९६ च्या निकालात न्यायालयानं त्याला पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली आणि कुठे बेड रिकामा आहे हे कळण्याची मध्यवर्ती संपर्क व्यवस्था हवी, असं सांगितलं. त्याला जवळजवळ तीन दशकं झाली. आजही बेड शोधण्याची आपली व्यवस्था म्हणजे डॉक्टरच्या मोबाइलमधले ओळखीचे नंबर. मी हे कौतुकानं सांगत नाही.

पहिलटकरणींच्या सासवांसाठी एक गोष्ट. सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या आणि डॉक्टर म्हणाले की बाळ होण्याआधीच मोठ्या ठिकाणी जा, तर ऐका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला न्यायला आईच्या पोटासारखी दुसरी पेटी नाही. निघण्याआधी बाळाची फुप्फुसं पक्की करणारं इंजेक्शन आईला घेऊ द्या. आणि बाळ झालंच, तर त्याला दुपट्यात गुंडाळून मांडीवर धरण्यापेक्षा आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून शाल घेऊन नेलेलं बरं. राजूर-भंडारदऱ्याच्या थंडीत तर नक्कीच.

आणि कधी हलवायचंच नाही, याबद्दलही बोलायला हवं. मागच्या पावसाळ्यात श्रीगोंद्याकडच्या एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी आल्या. मेंदूत मोठा रक्तस्राव. शुद्ध नाही, बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नव्हत्या. धाकटा मुलगा पुण्याहून निघाला होता आणि फोनवर सांगत होता, की मी येईपर्यंत थांबू नका, अँब्युलन्स काढा. थोरला गप्प होता. मी न्यूरोसर्जनशी बोललो, फोटो पाठवले, त्यांचंही मत माझ्यासारखंच पडलं की ऑपरेशनचा उपयोग नाही. मी धाकट्याची वाट पाहिली आणि दोघांना बसवून सांगितलं, की पुण्याला न्यायचं तर मी सगळी तयारी करून देईन, पण तिथे जाऊन जे होणार ते इथेही तेच होणार आहे, आणि वाटेत झालं तर गाडीत होईल. धाकटा रडला. म्हणाला, "लोक म्हणतील काहीच केलं नाही." हे वाक्य मला नवं नाही. अर्धे पेशंट पुण्याला जातात ते या वाक्यामुळे.

तेवढ्यात थोरल्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाईला घरी जायचंय," तो म्हणाला. "ती नेहमी म्हणायची."

मग आम्ही तो प्रवासही तसाच नीट केला. त्रास होऊ नये म्हणून औषधं, लघवीची नळी, एका कुशीवर कसं झोपवायचं, घरघर वाढली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. सिस्टर गाडीतून घरापर्यंत गेली. आजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेल्या, घरात, सगळे भोवती असताना. धाकटा तेराव्यानंतर येऊन बसून गेला.

शेवटी कामाचं. पेशंट हलवायची वेळ आली तर तुमच्या डॉक्टरला तीन गोष्टी मागा आणि मिळेपर्यंत निघू नका. पहिली, समोरच्या रुग्णालयातल्या ज्या डॉक्टरशी बोलणं झालं त्यांचं नाव आणि नंबर. दुसरी, कोणतं औषध किती वाजता दिलं हे वेळेसकट लिहिलेली चिठ्ठी, तिचा मोबाइलमध्ये फोटो. एक्स-रे आणि सीटीची सीडी घरी विसरली तर तिथे पुन्हा सगळं करावं लागतं. तिसरी, ऑक्सिजनचा हिशोब, कागदावर. गाडीत मागे एकच नातेवाईक, तोही डॉक्टर म्हणाले तर. बाकीच्यांनी सावकाश मागून यावं. वाटेत पेशंटच्या तोंडात पाणी घालू नका, कितीही मागितलं तरी. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातून ते थेट फुप्फुसात जातं. आणि निघताना पत्ता आधी टाकून घ्या, पुण्याच्या हद्दीत शिरल्यावर ड्रायव्हरला शोधायला लावू नका.

सिलिंडर किती मिनिटं पुरेल याचा तक्ता आमच्या ओपीडीत, पाण्याच्या कूलरशेजारच्या भिंतीवर लावला आहे. आलात की फोटो काढून न्या. गाडीवाल्यांनाही देतो.